शिंपल्याची मूठ

४ जानेवारी

मागच्या खोलीतला पलंग आज भंगारवाल्याला दिला आणि त्या जागी टेबल लावलं. हिने एकदाच विचारलं, "पाहुणे आले तर झोपायचं कुठे त्यांनी?"

मी म्हटलं, "आपल्याकडे पाहुणे येतात कधी?"

खरंच आहे ते. दुकानदारांची वजनमापं तपासायची माझी नोकरी, सगळा जन्म फिरतीत गेला. घरी मीच पाहुण्यासारखा यायचो, कपडे धुऊन घ्यायचो आणि निघायचो.

टेबलाला तुकडा घट्ट धरून ठेवणारा व्हाइस बसवला, खिडकीखाली लहान ग्राइंडर. मग कपाटातले चाकू चादरीवर ओतले. सगळे घडीचे, खिशात मावणारे. काही बाजारात घेतलेले, काही जुन्या सामानाच्या दुकानातले, एखाददुसरा कुणा म्हाताऱ्या न्हाव्याकडून मागून घेतलेला. निम्म्याहून जास्त चाकूंच्या मुठी गेलेल्या. पातं शाबूत, मिटताना खटका कडक वाजतो, आणि मूठ मात्र तडकलेली नाहीतर गायबच. माणसं पात्याला तेल देतात, मुठीकडे कोण बघतं. आता वेळच वेळ आहे. मुठी मीच बसवणार.

९ जानेवारी

म्हशीच्या शिंगापासून सुरुवात केली. शिंग ग्राइंडरला लावलं की केस जळल्यासारखा वास सुटतो. ही नाकाला रुमाल लावून दारात आली.

"काय जाळताय?"

"जाळत नाही. मूठ करतोय."

मला वाटलं, जाईल. गेली नाही. उभ्या उभ्या बघत राहिली आणि मग विचारलं, हा पितळेचा पत्रा कशाला? मी सांगितलं. मधे पातं आणि त्याची स्प्रिंग, दोन्ही बाजूंना पत्रा, पत्र्यावर शिंगाची पट्टी, आणि सगळं आरपार खिळ्यांनी धरून ठेवलेलं.

"म्हणजे क्रीमच्या बिस्किटासारखं," ती म्हणाली.

हे असं मला कधी सुचलं नव्हतं. बरोबर आहे पण.

१७ जानेवारी

हिने स्वयंपाकघरातलं स्टूल मागच्या खोलीत आणून ठेवलंय. दुपारची भांडी आवरली की येऊन बसते. आज तिला डोळे मिटायला लावून एकेक तुकडा हातात दिला. शिंग लगेच उबदार होतं, धरणाऱ्याच्या हाताइतकं. आबनुसाचं लाकूड जड, थंड. हाड तिला आवडलं नाही. दातावरून बोट फिरवल्यासारखं वाटतं म्हणाली. मी सांगत गेलो, कुठला चाकू कुठे मिळाला, कुणाच्या खिशात होता, कशासाठी वापरायचे.

"तुम्ही एवढं बोलता हे मला माहीतच नव्हतं," ती मधेच म्हणाली.

"कटकट होत असेल तर गप्प बसतो."

"मी तसं कुठे म्हटलं?"

हिच्या बोलण्याचा अर्थ लावत बसलो तर मूठ व्हायची कधी? कामाला लागलो.

३ फेब्रुवारी

वकील येऊन गेला. चाकू जमवणाऱ्या आम्हा लोकांत त्याच्याइतका नाक वर करून चालणारा दुसरा नाही, पण नजर पक्की. माझे शिंगाचे चाकू उघडून मिटून पाहिले, मुठीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "हात बसलाय तुझा. पण शिंग काय, कुणीही बसवतो. शिंपला बसवून दाखव."

मोत्याच्या शिंपल्याच्या पट्ट्यांची एक थैली त्याने सोबतच आणली होती. बटणांचा एक कारखाना बंद पडला तेव्हाच्या आहेत. त्याला स्वतःला बसवायचं धाडस होत नाही, तडकतो म्हणून. मे महिन्यात आमच्या मंडळाचं प्रदर्शन आहे. शिंपल्याच्या मुठींचे डझनभर चाकू झाले तर मला वेगळं टेबल मिळवून देतो म्हणाला.

ही चहा घेऊन आली. वकील म्हणाला, "वहिनी, आवरा आता यांना."

"आत्ता कुठे घरात बसायला लागलेत," ती म्हणाली. "आवरू कशाला?"

८ फेब्रुवारी

शिंपला म्हणजे काय चीज आहे हे आज कळलं. बाहेरून खडबडीत, कळकट. वरचा थर उतरला की आत पांढरं, गुलाबी, हिरवं, जसा धराल तसा रंग फिरतो. पण हट्टी. जरा जोर पडला की टचकन दुभंगतो. दोन पट्ट्या मी घालवल्या. तिसरी हिच्या हातात दिली ती वैतागून. तिने बारीक पॉलिश कागदाने हळूहळू घासत, फुंकर मारत, पुन्हा घासत ती पूर्ण केली. एक ओरखडा नाही.

ठरलं. ग्राइंडर माझ्याकडे, घासणं तिच्याकडे.

धूळ मात्र भरपूर. अंगाला लावायच्या पावडरीसारखी मऊ, हातावर घेतली तर वजनच लागत नाही. संध्याकाळी ही केरसुणीने सगळी गोळा करते. तिच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. मी म्हटलं, "म्हातारी झालीस."

"आजच कळलं का?" म्हणाली.

१४ फेब्रुवारी

समोरच्या घरातले मास्तर तक्रार घेऊन आले. वाळत घातलेल्या कपड्यांवर पांढरी भुकटी बसते म्हणे. माणूस सभ्य आहे, आवाज चढवला नाही, पण शर्टाची कॉलर पुढे करून दाखवली. मला ओशाळल्यासारखं झालं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आपल्याबद्दल कुणाला बोलायला जागा ठेवली नाही.

खिडकी लावून घेतली. फटीत जुन्या चादरीच्या पट्ट्या कोंबल्या. आता धुळीचा कणसुद्धा बाहेर जात नाही. मास्तरांना तसं जाऊन सांगून आलो.

२५ फेब्रुवारी

पाच झाले. मशीन चालवताना मी तोंडाला रुमाल बांधतो, नाकात हुळहुळतं म्हणून. हिला म्हटलं तूही बांध. ती म्हणते, रुमाल बांधून बोलणार कशी. ते खरं आहे. बोलण्यात तिचा अर्धा वेळ जातो. आज बेबीच्या जन्माच्या वेळची हकीकत सांगत होती. बेबी आमची एकुलती एक, आता चाळिशीला आली. मी तेव्हा फिरतीवर होतो हे माहीत होतं, पण हिला दवाखान्यात कुणी नेलं हे मी कधी विचारलंच नव्हतं. दूधवाल्याने नेलं. त्याच्या गाडीवर, कॅनच्या मधे बसून.

मी ग्राइंडर पुन्हा सुरू केला.

१ मार्च

हिला कोरडा खोकला. हवा बदलते आहे.

११ मार्च

खोकला जात नाही. संध्याकाळी अंग कसकसतं, कणकण येते, सकाळी उठते ती ठीक. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी घसा पाहिला, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. आडवी पड म्हटलं तर ऐकत नाही. दुपारी स्टुलावर हजर.

२१ मार्च

आज जरा चिडलो तिच्यावर. भाजी घेऊन वर येताना जिन्यात दोनदा बसली. मी म्हटलं, सारखं बसून बसून असं होतं, रोज चालायला हवं. शिवाय चार मुठी अर्धवट पडल्यात आणि हिचा हात पूर्वीसारखा चालत नाही. पाच मिनिटं घासते, मग हात मांडीवर ठेवून बसून राहते. मी नुसतं म्हटलं, "होणार का मेपर्यंत?"

"होईल," म्हणाली आणि कागद उचलला.

मी तसं म्हणायला नको होतं. तिला बरं नाही हे दिसत होतं मला. पण काम अडलं की माझा आवाज असा होतो. नोकरीत हाच आवाज कामाला यायचा.

२ एप्रिल

बेबीकडे आलोय. तिनेच बोलावलं, आईचा फोनवरचा आवाज ऐकून. घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट बंद. येताना ही प्रत्येक मजल्यावर थांबली. जावयाने खुर्ची आणून ठेवली जिन्यात. मला अवघडल्यासारखं झालं.

१२ एप्रिल

बेबीच्या हाताला गुण आहे. हिचा खोकला जवळजवळ थांबला. जेवते चांगली. काल नातीबरोबर गच्चीवर गेली कपडे वाळत घालायला, चढून गेली आणि उतरून आली. खाली येऊन माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "न थांबता गेले मी."

मी म्हटलं, "बघ, म्हणत होतो ना चालायला हवं."

ती माझ्याकडे बघत राहिली. काहीतरी बोलेल असं वाटलं, पण नात आली मधे.

मला इथे करमत नाही. हात शिवशिवतात. पेपर वाचून वाचून किती वाचणार.

१४ एप्रिल

ही म्हणाली, "आणखी थोडे दिवस राहू या का?" लग्नानंतर तिच्या तोंडून असं पहिल्यांदाच ऐकलं. मुलीच्या घरी लोळत पडायला तिला आवडत नाही. मी म्हटलं, प्रदर्शन तोंडावर आलंय, तू हवं तर राहा. मग उठून तिने दोघांच्या बॅगा भरल्या.

१६ एप्रिल

घरी. खोली बंद होती, उघडताच तो खडूसारखा वास आला आणि बरं वाटलं. दुपारी कामाला बसलो. हिने स्टूल ओढलं आणि म्हणाली, "शिंपला पुरे करू या का? शिंगाचेच छान दिसतात."

"अगं, वकील शिंपलाच बघायला येणार आहे. नऊ झालेत, आता सोडायचे?"

"बरं."

थोड्या वेळाने उठून तिने खिडकीच्या फटीतली चादर काढायला घेतली. मी म्हटलं, राहू दे, मास्तर पुन्हा शर्ट घेऊन येतील. तिने ती परत नीट कोंबली आणि येऊन बसली. संध्याकाळी ढास लागली ती पाणी पिऊनही थांबेना.

हवाच वाईट आहे आमच्याकडची. बेबीच्या बाजूला झाडं आहेत.

३० एप्रिल

बारा पूर्ण. शेवटच्या तिन्हींवरचा हात माझाच आहे, ही बसायची पण घासवत नव्हतं तिला. बसू नकोस म्हटलं तरी येऊन बसायची. "तुम्ही सांगा, मी ऐकते," म्हणायची. सांगता सांगता माझे चाकू संपले, म्हणजे त्यांच्या गोष्टी. मग फिरतीतल्या इतर सांगितल्या. खोटं वजन ठेवणारा एक तेली होता, त्याची गोष्ट तिला इतकी आवडली की हसता हसता जीव घुसमटला तिचा. ओठ निळसर दिसले. उन्हाळ्यात थंडी वाजते म्हणते, म्हणून असेल.

४ मे

प्रदर्शन झालं. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचा हॉल, खाली निळं कापड, वर माझे बारा. दिवे वरून सोडले होते, त्यामुळे शिंपला पाण्यासारखा हलत होता. दुसऱ्या गावांहून आलेले लोक थांबत होते, हातात घेऊ का म्हणून विचारत होते. वकिलाने सगळ्यांसमोर म्हटलं, "असं काम आता होत नाही."

ही वर आली नाही. पहिल्या वळणावरच थांबली आणि म्हणाली, तुम्ही जा, मी इथे बसते. पहारेकऱ्याने त्याची खुर्ची दिली. तिला गर्दी आवडत नाही. मी मधे एकदा जाऊन यायचं ठरवलं होतं, पण वर माणसं सोडेनात. संपल्यावर खाली आलो तेव्हा पहारेकरी तिला वहीच्या पुठ्ठ्याने वारा घालत होता.

"कसे दिसत होते?" तिने विचारलं.

मी घरी येईपर्यंत सांगत होतो.

पहारेकरी मला बाजूला घेऊन म्हणाला होता, साहेब, बाईंना मोठ्या डॉक्टरला दाखवा. मला राग आला त्याचा. ओळख ना पाळख. आता लिहिताना मात्र तेच आठवतंय.

२० मे

छातीच्या डॉक्टर बाईंकडे नेलं. तरुण आहेत, बोलतात भराभर. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून बघितलं आणि चेहरा बदलला त्यांचा. मग प्रश्न.

"घरात पक्षी आहेत? कबुतरं येतात गॅलरीत?"

"नाही."

"भिंतींना ओल? कापसाचं, पिठाच्या गिरणीचं काम? कुठल्या कारखान्यात नोकरी?"

"नाही हो. ती घरीच असते," मी सांगितलं.

त्यांनी हिच्याकडे पाहून विचारलं, "आजी, दिवसभर काय करता?"

हिने माझ्याकडे पाहिलं. धाप लागली होती, एकेक शब्द वेगळा येत होता. "घरीच," म्हणाली. "यांच्याबरोबर."

छातीचा स्कॅन सांगितलाय.

२ जून

स्कॅनची फिल्म बाईंनी दिव्यावर लावली. फुप्फुस काळं दिसायला हवं, तिथे धुकं साचल्यासारखं, आणि खालच्या बाजूला जाळीसारखे धागे. त्या म्हणाल्या, आतून सूज आहे आणि काही भागात व्रण होऊन तो कडक झालाय. कशाने, ते कळत नाही. घरातलंच काहीतरी असणार, आठवून पाहा. मी घरी येऊन सगळं पाहिलं. गाद्या उन्हात टाकल्या. गॅसची नळी बदलली. स्वयंपाकघरातल्या नळाखालची ओल खरवडून काढली.

रोज एक गोष्ट शोधतोय. काही सापडत नाही.

९ जून

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहितो.

बेबी आली. बॅग ठेवायला मागच्या खोलीत गेली ती बाहेरच येईना. बघायला गेलो तर कपाटाच्या माथ्यावरून बोट फिरवून त्या बोटाकडे बघत उभी होती.

"बाबा, हे काय आहे?"

"शिंपल्याची धूळ. ती सगळीकडे बसते. रोज झाडतो आम्ही."

"आम्ही म्हणजे कोण?"

"म्हणजे हीच झाडते."

"आणि हे स्टूल?"

"तिचंच. इथे बसून घासते ना ती. बारापैकी नऊ तिच्या हातचे आहेत," मी म्हटलं. मी अभिमानाने म्हटलं हे.

बेबी खिडकीशी गेली. फटीतली चादर ओढली, ती निघता निघेना. निघाली तेव्हा तिच्या कपड्यांवर पांढरा लोट आला. ती खोलीबाहेर गेली, दार लावलं आणि फोन करायला जिन्यात जाऊन उभी राहिली. मी आतच होतो. टेबल, व्हाइस, स्टूल. मला वाटतं मला तेव्हाच कळलं होतं, पण मी उभा राहून बेबी परत यायची वाट बघत होतो. ती येऊन दुसरंच काहीतरी सांगेल म्हणून.

१० जून

डॉक्टर बाई म्हणाल्या, "पक्ष्यांचं मी त्यासाठीच विचारलं होतं. पिसांच्या धुळीने काही जणांना होतं, तसंच शिंपल्याच्या धुळीनेही होतं. सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही कारखान्याचं विचारलंत. आमचा कारखाना नाही."

"खिडकी उघडी असायची?"

"बंद."

"बंद का?"

"समोरच्यांना त्रास होऊ नये म्हणून."

त्यांनी पेन खाली ठेवलं.

मग हळू बोलल्या. सूज आहे ती औषधाने थोडी उतरेल. व्रण झालेत ते तसेच राहणार, कदाचित वाढणार. "मधे कधी बरं वाटलं होतं का त्यांना? घराबाहेर गेल्यावर?"

बेबी म्हणाली, "एप्रिलमध्ये. माझ्याकडे."

बाईंनी मान डोलावली. एप्रिलबद्दल पुढे त्या काही बोलल्या नाहीत. मी विचारलंही नाही. हिने त्या घरात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही, एवढं मात्र दोनदा सांगितलं.

१४ जून

हिला बेबीने नेलं. मला बरोबर येऊ दिलं नाही. माझ्या कपड्यांत, केसांत, सगळ्यात ती धूळ आहे. आधी घर रिकामं करा, धुवा, नवे कपडे घाला, मग या, असं जावयाने शांतपणे समजावून सांगितलं. बेबी माझ्याशी बोलत नाही. कामापुरतं बोलते.

मी तोंडाला जाड मास्क लावून ओल्या फडक्याने भिंती पुसतोय. बादलीतलं पाणी दुधासारखं होतं. कितीही पुसलं तरी पंख्याच्या पात्यावर, पुस्तकांच्या वर, देवाच्या तसबिरीच्या मागे आहेच.

पुसता पुसता एक विचार मनात आला तो लिहून ठेवतो. दोष शिंपल्याचा आहे, शिंगाचा नाही. शिंगाचं काम पाण्याखाली घासून करता येईल, गच्चीवर. असा विचार आला मला. भिंत पुसताना. मी खाली बसलो आणि बराच वेळ उठलो नाही.

१९ जून

वकिलाला बोलावून सगळं घेऊन जा म्हटलं. चाकू, थैलीतल्या उरलेल्या पट्ट्या, ग्राइंडर, सगळं. वहिनींचं ऐकून फार वाईट वाटलं म्हणाला, आणि वाटलंही असेल. खुर्चीत बसून चष्मा पुसत राहिला. मग शिंपल्याचे बारा उघडून एकेक उजेडात धरून पाहिले.

"यातले वहिनींच्या हातचे कुठले?" त्याने विचारलं.

मी दाखवले.

"कळतात," तो म्हणाला. "हे वेगळे ठेवतो."

त्याने ते आपल्या रुमालात गुंडाळले. मला त्याला थांबवावंसं वाटलं आणि नाहीही वाटलं. तो गेला.

२७ जून

बेबीकडे. घरातून काही आणलं नाही, चष्मासुद्धा नवा करून घेतला. ही पुढच्या खोलीत पलंगावर, उशांना टेकून. नाकात नळी, पलंगाशी ऑक्सिजनचं मशीन, फ्रिजसारखं गुरगुरत असतं. मला बघून म्हणाली, "नवा शर्ट?"

दुपारी बेबी कामावर गेल्यावर मी विचारलं. विचारणारच होतो, येताना बसमध्ये शब्द जुळवत आलो होतो, ते सगळे विसरलो.

"तुला कळलं होतं?"

तिने डोळे मिटले. वाटलं झोपली. मग म्हणाली, "इथे जिना चढले ना. तेव्हा."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की." श्वास घेतला. "शिंगाचे छान दिसतात, म्हटलं."

"असं बोलतात?"

"मग कसं बोलतात?"

मशीन गुरगुरत होतं.

"स्पष्ट सांगितलं असतंस तर मी त्याच दिवशी बंद केलं असतं," मी म्हटलं. "शप्पथ."

"माहीत आहे," ती म्हणाली. "बंद केलं असतंत. मग पेपर उघडून बसला असतात."

ती हे चिडून म्हणाली का, मला सांगता येणार नाही. चिडल्यासारखा आवाज नव्हता. पण आता तिचा आवाज उरलाय तरी किती, त्यात राग ओळखायचा कसा?

८ जुलै

औषधाने तोंड सुजलंय. भूक नाही. नळी काढून मोरीपर्यंत जाते तेवढ्यात बोटावरचा आकडा घसरतो. बेबी तो बघत नाही आता. आधी लिहून ठेवायची.

१५ जुलै

बेबीने माझीही तपासणी करायला लावली. तोच स्कॅन, तेच फुंकायचं यंत्र. डॉक्टर बाईंनी फिल्म लावली. सगळं काळं, स्वच्छ. त्यांनाही नवल वाटलं असावं. एकाच धुळीत एकाला होतं, एकाला होत नाही, कारण सांगता येत नाही, असं म्हणाल्या. वयाच्या मानाने उत्तम आहेत तुमची फुप्फुसं.

बेबी रिक्षात बाहेर बघत बसली. एका सिग्नलला म्हणाली, "आईला काय सांगायचं?" तेवढंच.

मी येताना ठरवलं होतं, सांगू की माझ्यातही थोडं निघालं. ऐनवेळी जमलं नाही. घरी हिने "काय आलं?" विचारलं आणि मी "साफ आहे" म्हटलं.

तिने सुस्कारा टाकला, जेवढा टाकता येतो तेवढा. "बरं झालं. घाबरले होते मी." आणि उशीवर मान टाकली. खूप दिवसांनी तिला इतकी निश्चिंत पाहिली. मी उठून गॅलरीत गेलो.

३ ऑगस्ट

डॉक्टर बाई म्हणतात, आता आहे तो वेळ एकत्र काढा. बेबीने रजा घेतली. काल तिने माझ्या ताटात वाढताना "आणखी हवंय का" असं विचारलं. दोन महिन्यांनी.

१९ ऑगस्ट

दुपारी वीज गेली. मशीन बंद पडलं. बाजूचा छोटा सिलिंडर लावला, पण त्याचा काटा तळाला आलेला. बेबीने फोन केला तर नवा सिलिंडर घेऊन माणूस खाली येऊन उभा. एक हात गळ्यात बांधलेला, परवाच मोडलाय म्हणाला. जावई कामावर, लिफ्ट बंद. बेबीला आईपाशी थांबवलं आणि मी उतरलो.

सिलिंडर खांद्यावर घेतला. त्या माणसाला बरोबर नको म्हटलं तरी रिकामा न्यायचाय म्हणून मागे आला. तिन्ही मजले मी कुठे थांबलो नाही. घाई होती, थांबायचं सुचलंच नाही. वरच्या पायरीवर तो मागून धापा टाकत म्हणाला, "काका, मानलं तुम्हाला. माझा निम्म्या वाटेत दम गेला. या वयात असा दम कुणाला असतो?"

दार उघडंच होतं. आतपर्यंत ऐकू गेलं असणार.

बेबीने नळी जोडली. ओठांचा रंग परत यायला थोडा वेळ लागला. आम्ही तिघंही हिच्या छातीकडे बघत होतो. तो माणूस रिकामा सिलिंडर घेऊन निघून गेला. बेबी पाणी आणायला आत गेली.

हिने डोळे उघडले. "जड होता?"

"होता."

"दम लागला?"

"हो," मी म्हटलं. "दोनदा बसलो जिन्यात."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग हाताने चाचपून, नळी सांभाळत, पलंगावर भिंतीच्या बाजूला इंचभर सरकली. तेवढ्याने धाप लागली तिला. मी झालेल्या जागेत बसलो.